दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलेल्या वह्या

बेळगावात शहापूरला मी एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मराठी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवते. निम्मी मुलं गावातली, बाकीची खानापूर तालुक्यातली, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूची. पावसाळा लागला की त्या बाजूच्या मुलांचं येणं बंद होतं. त्यांना गणितं सोडवून पाठवायची तर टाइप करून भागत नाही. अपूर्णांक, वर्गमूळ, त्रिकोणाची आकृती आणि शेजारी मराठीतलं स्पष्टीकरण, हे सगळं हातानंच लिहावं लागतं. वहीचे फोटो पाठवून बघितले, पण मुलांच्या लहान फोनवर ते वाचताच येईनात. म्हणून पेनानं लिहिता येईल असा टॅब घ्यायचं ठरवलं. नवा परवडत नव्हता.

फोनवर एक जाहिरात दिसली. आयपॅड ९, ६४ जीबी, ‘पेन्सिल २’ (अ‍ॅपलचं लिहायचं पेन) सह, गुडनोट्स (हातानं वह्या लिहायचं अ‍ॅप) लाइफटाइम, २१,५०० रुपये. माणूस मराठीच बोलत होता. कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात भेटलो. त्यानं आयपॅड उघडून दिला आणि म्हणाला, “लिहून बघा की टीचर.” मी वर्गसमीकरणाचं सूत्र लिहिलं. तळहात काचेवर टेकलेला होता, तरी कुठं नको ती रेघ उमटली नाही. साध्या रबरी टोकाच्या पेनांवर हात टेकला की भलतीकडेच रेघोट्या पडतात, हे मला माहीत होतं. तेवढ्यावरून मी पेन अस्सल धरलं.

मग त्यानं जे सांगितलं ते नीट वाचा, कारण सगळी फसवणूक त्यात आहे. तो म्हणाला, “गुडनोट्स ५ मी तेव्हा एकदाच पैसे भरून घेतलंय. आता नवीन घ्यायला गेलात तर वर्षाला पैसे भरावे लागतील. ते माझ्या खात्यावर आहे, म्हणून माझं खातं तसंच राहू दे. काढलं तर अ‍ॅप जाईल बघा.” यातलं पहिलं वाक्य खरं असू शकतं. गुडनोट्स ५ एकरकमी मिळायचं, २०२३ मध्ये ६ आलं आणि वर्गणी सुरू झाली. विकत घेतलेलं अ‍ॅप अ‍ॅपलच्या खात्याशी बांधलेलं असतं, हेही खरं. एवढ्या खऱ्या गोष्टी सांगितल्यावर पुढचीही मला खरी वाटली. बिलाचं विचारलं तर म्हणाला, घर बदलताना हरवलं. मी तिथंच यूपीआयनं पैसे दिले.

दोन महिने रोज लिहिलं. संख्यारचना, बहुपदी, वर्गसमीकरणं, त्रिकोणमिती, सगळ्याच्या वह्या केल्या. एक मात्र खटकायचं. पेन कितीही दाबलं तरी रेघेची जाडी तीच. शिरोरेषा आणि खालचं अक्षर एकाच जाडीचं, घातांकाचे बारीक आकडे भरून जायचे. वाटलं, आपल्याच हाताला सवय नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी आयपॅड सुरू केला तर समोर ‘हॅलो’चा पडदा, दुकानातून नवा आणल्यासारखा. वाय-फाय जोडल्यावर त्यानं जुन्या मालकाचं खातं आणि पासवर्ड मागितला. ईमेलची पहिली एक-दोन अक्षरं, पुढं नुसती टिंबं. माझी एकही वही नाही.

त्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, “सहा हजार पाठवा, खातं काढून देतो.” माझ्या डोळ्यांसमोर मुलांची सहामाही होती. मी चार हजार पाठवले. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

खडेबाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं आयपॅडच्या आधी पेनच हातात घेतलं. “टीचर, हे पेन ह्या आयपॅडवर चालायलाच नको होतं.” त्यानं समजावलं ते असं. आयपॅड ९ ला अ‍ॅपलची फक्त पहिली पेन्सिल चालते. ती गोल, गुळगुळीत असते, मागचं टोपण काढलं की आत लाइटनिंगचं टोक असतं आणि ते आयपॅडमध्ये खोचून ती चार्ज होते. दुसरी पेन्सिल २०१८ ची, एका बाजूनं चपटी, चुंबकानं चिकटून चार्ज होणारी. ती आयपॅड ९ ला जोडताच येत नाही. माझं पेन चपटं होतं आणि टाइप-सीच्या वायरीनं चार्ज व्हायचं, म्हणजे नक्कल. अशा नकला तळहात बरोबर टाळतात, तिरकं धरलं तर काही छटाही देतात, पण दाब ओळखत नाहीत. हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. आयपॅडमधलंच नोट्स अ‍ॅप उघडायचं, त्यातली शिसपेन्सिल निवडायची, एक रेघ हलकी आणि एक दाबून ओढायची. दोन्ही सारख्या आल्या तर ती मूळ पेन्सिल म्हणून पैसे द्यायचे नाहीत. (अ‍ॅपलची स्वतःची टाइप-सी पेन्सिल दाब ओळखत नाही, पण तीही आयपॅड ९ वर चालत नाही.)

पेनाचं नुकसान मी सोसलं असतं. वह्यांचं सोसत नाही. आयपॅडवर त्याचं खातं होतं, म्हणून त्यानं घरी बसून ‘फाइंड माय’मधून, म्हणजे हरवलेला आयपॅड शोधायच्या अ‍ॅपलच्या सोयीतून, तो पुसला. वह्यांच्या प्रती ज्या आयक्लाउडवर जात होत्या तेही त्याचंच. माझ्या हातचं अक्षर आज त्या माणसाच्या खात्यात पडलंय आणि मला ते उघडता येत नाही. मूळ खरेदीचं बिल दाखवलं तर अ‍ॅपल कंपनी जुन्या खात्याचं हे कुलूप काढते, पण बिल मुळातच नव्हतं.

म्हणून जुना आयपॅड घेणाऱ्यांनो, हात जोडून सांगते. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर ज्याचं नाव असतं, त्याला तुमच्यासमोर साइन आउट करायला लावा. त्याला स्वतःचा पासवर्ड टाकावा लागतो, त्याशिवाय ‘फाइंड माय’ बंद होत नाही. मग सगळं पुसायला लावा आणि तिथंच बसून तुमच्या खात्यानं पुन्हा सुरू करा. मुख्य पडदा दिसला की पैसे द्या. अ‍ॅप गेलं तर जाऊ दे. अँड्रॉइडवरही गूगल खातं आधी काढून मगच पुसायचं, नाहीतर नंतर तेच खातं मागतं. सॅमसंगचा टॅब असेल तर एस पेन काचेच्या किंचित वर धरा. मूळ पेनाचा ठिपका टेकण्याआधीच दिसतो आणि लिहिण्यासाठी त्याला चार्जिंग लागत नाही. टॅब ए९ सारख्या मॉडेलला एस पेन चालतच नाही, तरी त्याच्यासोबत ‘एस पेन’ म्हणून रबरी टोकाचं पेन देणारे आहेत.

चार हजार गेले त्याच दिवशी १९३० ला, ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला हवा होता. मी लाजेपोटी सहा दिवस घालवले. नंतर सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलीस ठाण्यात गेले. माझं कन्नड कामापुरतं, म्हणून अर्ज एका जुन्या विद्यार्थिनीनं लिहून दिला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयच्या दोन्ही पावत्या आणि आयपॅडच्या पाठीवरचा अनुक्रमांक लागला. भेटीच्या दिवशीच पाठीचा फोटो काढून ठेवा.

मुलांच्या ग्रुपवर विचारलं तर जांबोटीच्या एका मुलानं मी पाठवलेली त्रिकोणमितीची पूर्ण पीडीएफ परत पाठवली. अशा चार वह्या जमल्या. त्यात आता खाडाखोड करता येत नाही, पण वाचता येतात. बाकीच्या कागदावर पुन्हा लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं आहे, नंबर वेगळा आहे. आयपॅड ९, ‘पेन्सिल २’, गुडनोट्स लाइफटाइम. फोटोत खाली तोच निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ आहे. तिचा स्क्रीनशॉट मी पोलिसांत दिलाय.