शिवराईवरचा कळक: तेलाची डबी की बांबूची काडी?

चिंच आणि लिंबू शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या जुन्या तांब्याच्या नाण्याला, लावायचं नाही, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: कळक, म्हणजे जाड हिरवा थर, चढलेलं नाणं ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, की डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून भिंगाखाली काडीने साफ करायचं?

तेलात कष्ट नाहीत. तेलातली आम्लं कळक हळूहळू विरघळवतात, तेल हिरवट झालं की बदलायचं, बस्स. ढीगभर नाणी असतील आणि घाई नसेल, तर हे कुणाला सोयीचं वाटलं तर मी वाद घालणार नाही.

मला नडलं ते एवढंच, की तेल जातच नाही. साबणाने धुवा, ॲसिटोनमध्ये बुडवा. काही दिवसांनी ‘श्री राजा शिव’च्या अक्षरांच्या कडेने ओशट रेघ पुन्हा हजर. तिच्यावर धूळ बसते, वरून लावलेलं मेणही नीट धरत नाही. शिवाय त्या चकाकीत फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी नजरेतून सुटते. नेमकी तीच दिसायला हवी असते, कारण ती ब्राँझ डिसीजची खूण. आतलं क्लोराइड दमट हवेत तांबं खात राहतं, आणि त्यावर दोन्हींपैकी एकही उपाय नाही. असं नाणं सिलिका जेलच्या कोरड्या डबीत वेगळं ठेवायचं आणि संवर्धन करणाऱ्याला दाखवायचं.

काडीचं काम मात्र वेळखाऊ. मान आखडते, एका बाजूतच संध्याकाळ जाते. पण ताबा आपला राहतो. टोक ओलं ठेवून माती आणि सैल खपली तेवढी उचलायची. खाली गुळगुळीत गडद हिरवा किंवा तांबूस थर लागला की हात थांबवायचा. बरेचदा अक्षरं त्या थरातच शिल्लक असतात, खालच्या तांब्यात नाही. तेल हा भेद करत नाही. तांबूस थरावर थांब, असं त्याला सांगता येत नाही ना!

कडेच्या ठिपक्यांच्या वर्तुळात काडी जरा अडते, तिथे बाभळीचा काटा बरा पडतो. धातूची सुई नको.

दुदांडी (दोन रेघांची, नंतरच्या काळातली) शिवराई झिजलेली, बाजारात सहज मिळणारी असेल, तर तेल करून बघायला हरकत नसावी. राज्याभिषेकाच्या काळातली वाटत असेल, तर मी तरी तेलाची डबी उघडणार नाही.