वाढीव खोलीचा पाया: डबराचा की कॉलमचा?

जुन्या घराला मागच्या अंगाला एखादी खोली काढायची म्हटलं की कोल्हापुरात दोन सल्ले हमखास मिळतात. वयस्कर गवंडी म्हणतो, चर मारा, डबर म्हणजे ओबडधोबड मोठे दगड भरा आणि जोत्यापर्यंत दगडी बांधकाम घ्या. ठेकेदार म्हणतो, कॉलम, म्हणजे सळई-काँक्रीटचे खांब, उभे करा आणि मोकळे व्हा. कसबा बावड्यातल्या आमच्या घराला खोली जोडताना मी दोन्ही पर्याय बरेच दिवस तोलले आणि शेवटी कॉलम घेतले. तुमच्या जागेची माती वेगळी असेल तर तुमचा निर्णय उलटाही लागू शकेल, हे आधीच सांगतो.

डबराच्या पायाबद्दल मला मनापासून आदर आहे. काळा दगड आपल्या भागातलाच. त्यात सळई नाही, म्हणजे गंजण्याची भीती नाही. आर. के. नगर, पाचगावसारख्या उंचावरच्या भागात थोडं खणल्यावर कठीण मुरूम लागत असेल, खोली एकच असेल आणि वर मजला कधीच चढवायचा नसेल, तर मी दगडाला नाही म्हणणार नाही. फक्त गवंडी पारखून घ्या. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड अधूनमधून बसले पाहिजेत आणि मधली पोकळी मालानं भरली पाहिजे. दोन बाजूंना चांगले दगड लावून आत कोरड्या चिपा कोंबलेला पाया बाहेरून तसाच देखणा दिसतो, पण पुढेमागे तो दबतो. असं बारीक काम करणारे हात आता शोधावे लागतात.

आमच्याकडे मात्र काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पाया ही हालचाल जिथे पोचत नाही तिथवर, जमलं तर खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. आणि इथेच माझं घोडं अडलं.

डबराचा पाया म्हणजे सलग चर. वाढीव खोलीत त्यातला काही भाग जुन्या भिंतीला भिडणारच. माती पाहायला आम्ही जुन्या भिंतीलगत छोटा खड्डा घेतला. तीन फुटांवर जुना पाया संपला. तो मातीच्या मालातला होता. मुरूम लागला साडेचार फुटांवर. खड्डा खोल गेला तसा जुन्या पायातला नारळाएवढा एक दगड हिरडी सोडलेल्या दाढेसारखा हलायला लागला आणि त्याच्या मागची माती भुरभुरू लागली. गवंड्यानं लगेच चिपा ठोकून तो आवळला. वर भिंत, भिंतीवर छप्पर आणि आत माणसं राहती. तिथे लांब चर खणायचा आणि दगडकाम पुरं होईपर्यंत उघडा ठेवायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. चार-चार फुटांचे टप्पे पाडून, मधला भाग सोडून काम करता येतं, हे खरं. अनुभवी गवंडी ते करतात. पण तेवढे दिवस मला झोप लागली नसती.

कॉलममध्ये या अडचणीपासून चक्क लांब जाता येतं. आमच्या इंजिनिअरनी साधा हिशेब सांगितला: नवा खड्डा जुन्या पायाच्या तळापेक्षा जितका खोल, त्याच्या निदान दुप्पट अंतर मध्ये सोडायचं. आमचा फरक दीड फुटाचा, म्हणून फूटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद बैठकीची, कड जुन्या पायापासून तीन फूट दूर ठेवली. कॉलम मागे सरकले आणि जोत्याचे बीम (आडव्या तुळया) तिथून जुन्या भिंतीच्या दिशेनं पुढे काढले. जुन्या पायाला फावडंसुद्धा लागलं नाही. असे पुढे आलेले बीम मात्र अंदाजानं करू नका. सळई किती आणि कुठे, हे इंजिनिअरकडूनच काढून घ्या. बीमची मुख्य सळई इथे वरच्या अंगाला लागते आणि सवयीनं ती खाली बांधली जाण्याचा धोका असतो.

कॉलमला खर्च जास्त येतो, यात वाद नाही. सळई आली, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) आलं, देखरेखही वाढली. फूटिंगच्या सळईखाली 50 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई जमिनीपासून उचलून धरणारे ठोकळे) बसलेत का, ते काँक्रीट ओतण्याआधी स्वतः वाकून बघा. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर ते उपसून खालचा चिखलही काढायला लावा, मगच पी.सी.सी., म्हणजे तळाचा बिनसळईचा काँक्रीटचा थर. काळ्या मातीत बीमच्या खाली थोडी पोकळी ठेवलेली बरी, म्हणजे फुगलेली माती बीमला वर रेटत नाही. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगीर गोळा असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेतात, पण एका खोलीसाठी ते मला जड वाटतं.

पाया कुठलाही घ्या, जुनं आणि नवं एकमेकांत गुंतवू नका. जुन्या भिंतीत खाचा पाडून नवी भिंत अडकवायची पद्धत अजून चालते. जुनं घर बसायचं तेवढं कधीच बसलेलं असतं, नवं पहिल्या पावसाळ्यांत थोडं बसतं, आणि सांध्यावर उभी भेग येते. ती प्लास्टर करून बुजवली तरी पुन्हा उघडते. आम्ही मध्ये इंचभर फट ठेवली, आत थर्माकोल भरला आणि वरून पत्र्याची पट्टी एकाच बाजूला ठोकली. दुसरी बाजू हलायला मोकळी.

जोत्यातली भर सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसानं (माती ठोकायच्या जड ठोकणीनं) ठोकून घ्या. खोदाई दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर काढा. वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत काम जोत्याच्या वर आलेलं हवं, कारण उघड्या खड्ड्यात आणि जुन्या पायाशी पाणी मुरलं तर दोन्ही पर्यायांत त्रास सारखाच.