अठरा हजारांचा पॉज

एनएसडीच्या, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या, प्रवेशाच्या प्राथमिक फेरीची तयारी करतोय असं कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी एका अभिनयाच्या क्लासच्या सरांचा फोन आला. "पुरुषोत्तमला तुझं काम बघितलंय रे. डोळे बोलतात तुझे." मी विरघळलो. खरं तर पुरुषोत्तमला, म्हणजे त्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, मी लाइट्सवर होतो. तिथंच कळायला हवं होतं.

पुण्यात एरंडवण्यात एका फ्लॅटच्या हॉलमध्ये दहा दिवसांची बॅच. फी १८ हजार, रोख. 'निवडीच्या पॅनलवर आपलीच माणसं आहेत' हे दिवसातून दोनदा, नाव मात्र एकाचंही नाही. पावती मागितली तर सर म्हणाले, "कलेत पावती?" आणि लाज मलाच वाटली!

अर्जाला किमान ६ नाटकांचा अनुभव लागतो. माझी चारच भरत होती. सरांनी २ हजारांत दोन प्रमाणपत्रं देऊ केली. संस्थेचं नाव कधी न ऐकलेलं आणि 'अभिनय'मधला 'भि' दीर्घ. ती लावायचा धीर झाला नाही. गावच्या गणपतीत केलेल्या दोन नाटकांची पत्रं मंडळाच्या काकांकडून आणली. त्या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून झालेलं तेवढंच शहाणपण.

स्वगताची झेरॉक्स सरांनी 'आतून मिळवलेली' होती. वरचा भाग व्हाइटनरने पुसलेला. पुढे कळलं, उतारे संस्थाच देते, त्यातलाच निवडायचा असतो. फुकट.

मुंबईच्या केंद्रावर जिन्यात तीन पोरं भिंतीकडे तोंड करून घोकत होती. उतारा माझाच. 'आई' या शब्दावर उजवा हात कपाळाला, मग मनात चार आकडे मोजून पॉज. "हा पॉज फक्त तुलाच शोभतो," असं सर मला म्हणाले होते. त्या तिघांनाही म्हणाले असणार.

आत म्हणून दाखवलं. परीक्षक म्हणाले, "आता हेच, शेवटची एसटी चुकलीय असं समजून म्हण." मला काही सुचेना. हात आपोआप कपाळाला गेला.

निकालानंतर फोन केला तर सर म्हणाले, "रिपीटरला निम्मी फी."

गेल्या आठवड्यात त्यांच्या नव्या बॅचची जाहिरात आली. 'आमचे यशस्वी विद्यार्थी', दुसऱ्या ओळीत तिसरा मी. बॅच लावणार असाल तर असल्या फोटोतल्या एखाद्या पोराला आधी गाठा. पैशांचं नंतर बघा.