बँजो शिकताय? रोज अर्धा तास की रविवारी साडेतीन तास

आठवड्याचे तास तेवढेच, पण फळ वेगळं. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बँजो शिकायला घेतलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. (अमेरिकेतला चामडं ताणलेला गोल बँजो निराळा. आपलं वाद्य जपानी ताईशोगोतोच्या कुळातलं. ते गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयात टाइपरायटरच्या कळांवरून सुचून बनवलं.)

टाइपरायटरवरून आठवलं. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवलं. काहींना रोज एकच तास, काहींना रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका. एकच तास बसणाऱ्यांना दिवस जास्त लागले, पण एकूण तास कमी. गंमत म्हणजे सगळ्यांत असमाधानी तेच होते! रोज थोडं वाजवणाऱ्याचंही तसंच होतं. आपण पुढे सरकतोय असं वाटतच नाही, आणि इथेच बरेच जण सोडून देतात. सोडू नका.

त्यातच झोपेची भर. बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकलेल्यांचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर साधारण २० टक्के वाढलेला, असं २००२ च्या एका प्रयोगात दिसलं. तेवढेच तास जागं राहून तो फायदा झाला नाही. रोज वाजवलंत तर आठवड्याला अशा सात रात्री मिळतात, रविवारच्या बैठकीला एकच.

म्हणून माझं मत सरळ रोजच्या बाजूने. पण त्या अर्ध्या तासात काय करायचं, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. एकच चाल घोटायची, की तीन चाली आलटून पालटून?

माझा डावा हात मध्य सा वरून तार सा वर उडी मारताना नेहमी एक बटण अलीकडे पडायचा. सलग वीस वेळा केलं की बिनचूक. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्याला परत निषाद! सलग करताना अंतर आधीच्या उडीवरून हाताला ठाऊकच असतं, मेंदूला ते नव्याने शोधावं लागत नाही. मग मी आरती, कोळीगीत, परत आरती असं फिरायला लागलो. चुका वाढल्या, घरच्यांनी कानावर हात ठेवले, पण पंधरा दिवसांत उडी बसली. शिया आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगातही हेच दिसलं: हालचाली मिसळून शिकणारे सरावात मागे, दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत पुढे.

घोटणं मात्र टाकाऊ नाही. चाल अगदी नवी असेल, बोटांना रस्ताच माहीत नसेल, तर पहिले दोन-तीन दिवस तेच करा. कार्यक्रम परवावर आला असेल तरी तेच.

बटणांवर सा रे ग चिकटवायचं का? सुरुवातीला चिकटवा, महिनाभरात काढा, नाहीतर नजर पट्टीवरून हलत नाही.

आणि शनिवार-रविवारशिवाय खरंच वेळ नसेल, तर शनिवारी संध्याकाळी निम्मं वाजवा, झोपा, आणि उरलेलं रविवारी सकाळी. सुरुवात कालच्या चालीने, वहीत न बघता.