शिवाजी पेठेतली जुनी माडी आणि वरची गच्ची : दहा महिने राहिल्यानंतर

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही उपनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट सोडला आणि कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर भाड्यानं राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. ओळखीच्या प्रत्येकानं तेव्हा एकच विचारलं, "लोक पेठेतनं बाहेर फ्लॅटमध्ये चाललेत, आणि तुम्ही उलटं कुठं निघालाय?" एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक थंडी काढून झाली आहे. जुनं घर घ्यावं का, म्हणून आता दोघी-तिघींनी मला फोन केले. प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते.

वाडा शंभरीच्या आसपासचा आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा आणि पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, सागवानी खांब आणि तुळया. खाली मालकीणबाई राहतात, त्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो. माडीवर रस्त्याकडचा सोपा, मधलं माजघर, स्वयंपाकघर आणि मागची एक खोली, मिळून साधारण १,३०० चौरस फूट. सोप्यावर मंगलोरी कौलं, आणि मागच्या भागावर जवळजवळ ६०० चौरस फुटांची गच्ची. भाडं १६,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००. या पैशात नवीन फ्लॅटमध्ये निम्मी जागा मिळते आणि गच्ची सोसायटीची असते, म्हणजे आपली नसतेच.

गच्चीबद्दल आधी लिहिते, कारण हे घर आम्ही घेतलं ते तिच्यासाठी.

मे महिन्यात दुपारी तिथं पाय ठेववत नाही. पण इथं चार-साडेचारनंतर पश्चिमेकडून वारं सुटतं. सहा वाजता फरशीवर दोन-तीन बादल्या पाणी मारलं की साडेसातला चटई टाकून बसता येतं. ईशान्येला अंबाबाईच्या देवळाची शिखरं दिसतात, पश्चिमेला रंकाळा तलावाकडची झाडी, आणि हवा स्वच्छ असेल तेव्हा वायव्येला जोतिबाचा डोंगर. फ्लॅटमध्ये रात्रीचं जेवण झालं की आम्ही चौघं चार खोल्यांत जायचो. इथं उन्हाळाभर ताटं वर गेली. मुलगी पाढे विसरली होती, ते सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून परत पाठ केले. हे मी मुद्दाम सांगते, कारण जागा बघायला येणारा माणूस चौरस फूट मोजतो आणि घर घेतल्यावर वेगळंच काहीतरी मिळतं.

आणि चटणी! एप्रिलअखेर चार किलो मिरची आणली. निम्मी ब्याडगी रंगासाठी, बाकी संकेश्वरी आणि थोडी लवंगी. फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन तिरकं दोनच तास यायचं, आठवडा गेला तरी देठाशी ओल राहायची आणि मग वर्षाच्या मध्यातच चटणीला वास यायला लागायचा. इथं जुन्या लुगड्यावर पसरली आणि तीन दिवसांत कडकडीत झाली. सासूबाई एक एक मिरची कानाजवळ धरून हलवायच्या, आतलं बी खुळखुळलं तरच ती वाळलेल्या ढिगात. मग देठं खुडली, धणे, तीळ, खोबरं, खसखस भाजून घेतली, गल्लीतल्या डंकावर कुटून आणली आणि कांदा-लसूण घातला. फेब्रुवारी उजाडला तरी बरणीतली चटणी पहिल्या दिवसासारखी लाल आहे. सांडगे आणि पापडही झाले. अशी गच्ची मिळाली की बायकांची वर्षाची अर्धी कामं सोपी होतात, हे घर दाखवणारा एजंट कधी सांगत नाही.

आता पाण्याचं. या घराचं सगळं दुखणं पाण्याचं आहे.

मे महिन्यातच आजी म्हणाल्या होत्या, "पोरी, वळीव पडायच्या आत पन्हाळी साफ करून घे. गच्चीत पाणी तुंबलं की ते घर खातंय बघ." मी गच्ची झाडून काढली आणि झालं असं समजले. चूक माझी होती. पन्हाळी दोन आहेत. पूर्वेकडच्या पन्हाळीच्या तोंडाशी पिंपळाचं वीतभर रोप उगवलं होतं आणि मागं पारव्यांची पिसं, पाला आणि माती घट्ट बसली होती. मृगाचे पाऊस गच्चीनं झेलले. आर्द्रात संततधार लागली आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मधल्या तुळईला काळी ओल दिसली. हात लावला तर लाकूड गार आणि ओलसर. संध्याकाळपर्यंत थेंब पडायला लागला. वर जाऊन बघते तो कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी.

पन्हाळ मोकळी केल्यावर थेंब कमी झाला, पण थांबला नाही. मग कारण शोधलं. जुनी गच्ची अशी असते : तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, त्यावर चुन्याचा कोबा आणि वर शहाबादी फरशी. आमच्या गच्चीवर पूर्वी कुणीतरी फरशीच्या सांध्यांवर आणि कठड्याच्या कडेनं सिमेंट थापलं होतं. खालचं लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. चुना त्या हालचालीला थोडा सोसतो, सिमेंट सोसत नाही, तडकतं. त्या केसाएवढ्या तडीतून पाणी आत जातं आणि वर सिमेंटचं झाकण असल्यामुळं वाळायला वाट मिळत नाही. ते लाकडात मुरतं. भिंतींचंही तसंच आहे. ज्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आहे तिलाच लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, लागलाय आणि रंगाचे पापुद्रे निघतात. मातीचा आणि चुन्याचा गिलावा राहिलेली माजघराची भिंत पावसाळाभर कोरडी होती.

घाईत आम्ही एका ठेकेदाराला बोलावलं. चार दिवसांची उघडीप बघून त्यानं केमिकलचा थर मारून दिला आणि ११,००० रुपये घेतले. गणपतीच्या आधीच्या पावसात त्याला पुरीसारखे फुगे आले आणि हातानं सोलून निघाला. खाली ओल असताना वर थर मारला तर तो धरणारच नाही, हे त्याला माहीत असायला हवं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. पुढचे दोन महिने निळी ताडपत्री आणि स्वयंपाकघरात पातेलं, असे काढले. भर पावसात चुन्याचं काम होत नाही, कारण चुना सावकाश धरतो. त्यामुळं थांबावंच लागलं.

दिवाळीनंतर आजींच्या ओळखीचे एक वयस्कर गवंडी मामा आले. त्यांनी सगळं सिमेंट छिन्नीनं हळूहळू काढलं. पिंपळाचं रोप नुसतं न उपटता आतल्या मुळापर्यंत दगड मोकळे केले. वरून कापलेला पिंपळ दुसऱ्या पावसात दुप्पट जोरानं येतो. चुना आधीच भिजवून मुरवत ठेवला होता, त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, आणि गुळाचं नि हिरड्याचं पाणी. हे ऐकून होते, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात त्यांनी गोलाई दिली, गवंडी तिला वाटा म्हणतात. तो काटकोन हीच पाणी मुरायची जागा असते. मग बादलीभर पाणी मध्ये ओतलं आणि ते दोन्ही पन्हाळींकडं आपोआप कसं जातं ते मुलीला दाखवलं. जिथं थबकलं तिथं पुन्हा ढाळ दिला. दहा दिवसांचं काम, ४२,००० रुपये. ते आम्ही भरले आणि आजींच्या सांगण्यावरून भाड्यातून दरमहा ५,००० वळते करून घेतोय. अशा घरात शिरण्याआधी दुरुस्ती कुणी करायची हे करारात लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं, आजी चांगल्या म्हणून निभावलं.

कागदांचं एवढंच सांगते. जुन्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर बहुधा बरेच हिस्सेदार असतात, इथं पाच आहेत. सगळ्यांची लेखी संमती बघूनच आम्ही पैसे दिले. ११ महिन्यांचा करार असला तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणं तो नोंदवावा लागतो, नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागत नाही.

वजनाचाही विचार करा. आम्हाला गच्चीवर १,००० लिटरची टाकी हवी होती. पाणीच एक टन होतं. दाखवायला बोलावलेल्या इंजिनिअरनं स्पष्ट नको म्हणून सांगितलं आणि ५०० लिटरच्या दोन टाक्या खालच्या भिंतींच्या बरोबर वर, वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवायला लावल्या. कुंड्यासुद्धा कठड्याच्या कडेनंच आहेत, मध्ये एकही नाही. वॉशिंग मशीन लाकडी जमिनीवर ठेवलं तर सगळं घर थरथरतं, म्हणून ते न्हाणीच्या दगडी फरशीवर गेलं. वायरिंग लाकडी पट्टीवरचं होतं आणि अर्थिंग नव्हतं. ते राहायला यायच्या आधी पूर्ण बदललं आणि यात मी कुणालाही काटकसर करू देणार नाही. वाय-फाय या भिंतींतून जात नाही, दुसरा राउटर लागला. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, पण खुंट्या आणि कोनाडे इतके आहेत की कपाट एक कमी लागलं.

जिना हा खरा प्रश्न आहे. सरळ, लाकडी, उंच पायऱ्यांचा. सासूबाईंचा गुडघा दुखतो. त्या दिवसातून एकदाच उतरतात आणि संध्याकाळी एकदा गच्चीवर येतात, तेही धरून. फ्रिज जिन्यातून आलाच नाही. शेजारच्या तालमीतली पाच पोरं आली, दोर बांधून मागच्या बोळातून गच्चीवर ओढून घेतला. "वैनी, तुम्ही फक्त चहा ठेवा," म्हणाली. पैसे काही केल्या घेतले नाहीत. शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी गल्लीत कामाला माणूस मिळत नाही, पण एरवी हाक मारली की चार जण येतात. फ्लॅटमध्ये सात वर्षं राहून समोरच्या दाराचं आडनाव पाटीवर वाचलं होतं तेवढंच.

याच्याच दुसऱ्या बाजूला आवाज आहे. पहाटेची घंटा, दूधवाले, तालमीतला हलगीचा सराव, याची सवय होते, मला तर ते आवडायला लागलं. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत मोठ्या स्पीकरच्या भिंती गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या तेव्हा सोप्याच्या खिडकीतली एक काच निखळली आणि कोनाड्यातली माती भुरभुर खाली आली. सासूबाई कानावर हात घेऊन मागच्या खोलीत बसून होत्या. मी गणपतीत वाढलेली बाई आहे, उत्सव हवाच. पण मातीच्या घरांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो दणका सोसत नाही, हे पेठेतल्या मंडळांनी ऐकायला पाहिजे. गाडी गल्लीत येत नाही, ती पाच मिनिटांवर लावतो. दुचाकी दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या लहान दारातून, आत.

पुराचं लोक हमखास विचारतात. आमच्या गल्लीत पंचगंगेचं पाणी येत नाही. पण जुलैत राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडं सरकायला लागली की सगळं शहर ४३ चा धोक्याचा आकडा मनात धरून बसतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या घरात पूर आला नाही त्यांच्याही नळाला पाणी नव्हतं. या वाड्याच्या चौकात आड आहे. त्या दिवसांत भांडी-धुण्याला अख्खी गल्ली त्याच्यावर होती, असं आजी सांगतात. जुनं घर बघताना आड बुजवलाय की जिवंत आहे, तेही विचारा.

उन्हाळ्याला मात्र पैकीच्या पैकी. मेमध्ये माजघरात पंखा दोनवर पुरला. फ्लॅटमध्ये स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असायचा. इथं माती आणि चुन्याखाली अंथरूण गार असतं.

३१ जानेवारीपासून अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होता. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेतल्या इमारतींचा अडथळा आणि क्षितिजावरचा ढग, दोन्ही नसले तर. सासूबाई पूर्वी दरवर्षी जायच्या, आता गर्दीत उभं राहवत नाही. त्या पाच वाजताच वर आल्या, कठड्याला टेकून खुर्चीत बसल्या आणि रंकाळ्याकडं बघत राहिल्या. ढग नव्हता. सूर्य झाडीला टेकला तेव्हा त्यांनी मान वळवून शिखरांकडं बघितलं आणि हात जोडले. "आत्ता पायावर असंल," एवढंच म्हणाल्या. पुढचे दोन्ही दिवस त्याच वेळी वर आल्या.

करार मार्चमध्ये संपतोय. आम्ही तो पुन्हा करतोय, भाडं हजारानं वाढेल. या वेळी दुरुस्तीचं कलम घातलंय. आजींनी पाडव्याच्या आत जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून द्यायचं कबूल केलंय, आणि पन्हाळी १५ मेच्या आत साफ करायचं काम माझ्याकडं आहे.