बॅडफिंगरचा 'स्ट्रेट अप': विलंबितावर पोसलेल्या कानांसाठी

अमीर खाँसाहेबांच्या विलंबितावर मुरलेल्या इंदूरच्या मराठी श्रोत्याला रॉक म्हणजे कलकलाट वाटत असेल, तर त्याने वेल्समधल्या स्वान्सीच्या बॅडफिंगर या बँडचा 'स्ट्रेट अप' ऐकावाच. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीने १९७१ मध्ये काढलेला अल्बम, १२ गाणी, आणि सगळा जीव संथ गाण्यांत.

सुरुवात 'डे आफ्टर डे'पासून करा. मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं ते तिसरं गाणं. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन आणि बॅडफिंगरचा पीट हॅम यांच्या दोन स्लाइड गिटार हातात हात घालून चालतात. बोटात घातलेली नळी तारेवरून सरकते तशी दोन सुरांमधली जागा मींडेसारखी भरून निघते, आणि खाली लिऑन रसेलचा पियानो. काय गोडवा आहे! मोबाइलच्या स्पीकरवर मात्र दोन्ही गिटारींचा एकच गोळा होतो, म्हणून हेडफोन हवेत. बेस वाढवलेला असेल तर आधी कमी करा, नाहीतर साध्या गिटारी दबतात.

हॅरिसन निर्माता म्हणून चार गाणी करून बांगलादेशच्या मदतीच्या मैफलीकडे वळला, उरलेलं काम टॉड रुंडग्रेनने पुरं केलं. त्यामुळे नाद बदलत राहतो: 'नेम ऑफ द गेम' भरगच्च, 'परफेक्शन' मोकळं. 'मनी' संपता संपता 'फ्लाइंग' सुरू होतं, म्हणून शफल (गाण्यांचा क्रम बदलणारी सोय) बंद ठेवा. 'सूटकेस' वगळलं तरी चालेल.

जादा गाण्यांची आवृत्ती हाती लागली, तर पहिल्या खेपेला 'इट्स ओव्हर'नंतर थांबा. मूळ अल्बम तिथेच संपतो.