मांजरीच्या नसबंदीसाठी भूल: इंजेक्शनची की गॅसची?

दोन क्लिनिकमध्ये विचारलं की दोन वेगळे रेट सांगतात, एकीकडे नुसतं इंजेक्शन, दुसरीकडे गॅस, आणि मग कळतच नाही की जास्तीचे पैसे खरंच कामाचे आहेत का. माझं मत आधीच सांगते, भूल कुठली यापेक्षा भूल असताना आणि उतरताना मांजरीकडे कोण बघतंय हे जास्त महत्त्वाचं. पण फरक आहेतच.

इंजेक्शनवाल्या पद्धतीत बहुतेक ठिकाणी केटामाइन आणि त्याच्यासोबत झायलाझिन किंवा डेक्समेडेटोमिडिन देतात. स्नायूत टोचलं की काही मिनिटांत मांजर आडवी. हातात न येणारी रस्त्यावरची मांजर असेल, बोक्याची छोटी सर्जरी असेल तर हे सोयीचं आणि स्वस्त. प्रॉब्लेम हा की एकदा आत गेलेला डोस कमी करता येत नाही. डेक्समेडेटोमिडिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही, आणि मांजरीत ते बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणजे किडनी कमजोर असेल तर भूल लांबते. झायलाझिनने उलट्या होतात, म्हणून पोट रिकामं हवं (अगदी लहान पिल्लाला मात्र तासन्‌तास उपाशी ठेवायचं नाही, शुगर खाली जाते, व्हेटला वेळ विचारून घ्या).

गॅसवाल्यात आधी शिरेतून प्रोपोफॉलसारखं औषध, मग श्वासनलिकेत ट्यूब आणि ऑक्सिजनसोबत आयसोफ्लुरेन हा भुलीचा गॅस. डायल फिरवून भूल कमीजास्त करता येते आणि श्वास अडला तर ट्यूबमधून लगेच श्वास देता येतो, म्हणून लांबणारी सर्जरी, दातांचं काम, म्हातारी मांजर यांच्यासाठी मी गॅसच निवडेन. पण यात बीपी पडतं, अंग पटकन गार होतं, आणि मांजरीचा घसा इतका नाजूक असतो की ट्यूब घालताना आवळून बसतो किंवा नंतर सुजतो. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 मध्ये एक मोठा अभ्यास झाला, त्यात ट्यूब घातलेल्या मांजरांमध्ये धोका उलट जास्त निघाला, आजारी मांजरांचा हिशोब वेगळा धरूनसुद्धा. म्हणजे ट्यूब वाईट असं नाही, पण घालणाऱ्याचा हात मांजरांवर बसलेला हवा, घशात आधी लिग्नोकेनचा (बधिर करणारा) स्प्रे मारतात का हे बिनधास्त विचारा.

त्याच अभ्यासात तब्येतीने ठीक असलेल्या मांजरांत साधारण 900 मध्ये 1 मृत्यू होता आणि आजारी मांजरांत साधारण 70 मध्ये 1. एवढा मोठा फरक! त्यामुळे आता तब्येत चांगली असताना नसबंदी करणं आणि पुढे गर्भाशयात पू झाल्यावर रात्री धावपळ करत तीच सर्जरी करणं, यात भुलीचा धोका कुठे जास्त ते उघडच आहे.

आणि त्या अभ्यासातली अजून एक गोष्ट, दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त सर्जरी संपल्यावर दगावल्या, त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या 3 तासांत. नाडी आणि ऑक्सिजन मोजत राहिलेल्या मांजरांत धोका कमी होता. म्हणून गॅस मशीन आहे पण शुद्धीवर यायच्या आत पिंजऱ्यात घालून घरी पाठवतात अशा ठिकाणापेक्षा, इंजेक्शनवर करणारा पण पल्स ऑक्सिमीटर लावणारा, ऑक्सिजन हाताशी ठेवणारा, अंगाखाली गरम पॅड देणारा आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेणारा डॉक्टर मी निवडेन, तरुण निरोगी मांजर असेल तर.

पर्शियन असेल तर मात्र गॅसच, आणि आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या, या जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार असतो आणि नाक चपटं असल्यामुळे ट्यूब काढल्यानंतरचा वेळ जास्त नाजूक. मेन कून जातीची असेल किंवा स्टेथोस्कोपवर हृदयाचा आवाज वेगळा लागला तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी), कारण हृदयाचे स्नायू जाड झालेले असले तर केटामाइन टाळतात.

घरी आणल्यावर हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली, अंग गार पडलं, तर सकाळची वाट बघू नका. आणि दुखतंय म्हणून क्रोसिन अजिबात देऊ नका, पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.